पडद्यातलं पिल्लू आणि माझं सचिवपद

संरक्षणासाठी प्राणी निवडायचा झाला तर तो नेहमी लांबचा निवडावा, असं माझं स्पष्ट मत आहे. प्राणी जितका लांब, तितकं त्याचं संरक्षण सोपं. बर्फातला बिबट्या घ्या. त्याच्याविषयी कळकळ वाटायला वेळ लागत नाही, आणि तो कधी आपल्या दारात येऊन 'आता बोला' म्हणत नाही. समुद्राच्या तळाशी राहणारे काही मासे तर इतके सोयीचे आहेत की त्यांच्यासाठी आपण काही केलं की नाही, हे त्यांना स्वतःलाही कळायचं नाही. हे सगळं मी टिकलीला व्यवस्थित समजावून सांगितलं होतं.

टिकली म्हणजे आमची लेक. चौथीत आहे. तिच्या वर्गाच्या बाईंनी 'आगळेवेगळे प्राणी' नावाचा उपक्रम काढला होता. प्रत्येक मुलानं असा एक प्राणी निवडायचा की ज्याचे लाड कुणी करत नाही. त्याची माहिती मिळवायची आणि सत्राच्या शेवटी वर्गापुढे तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची. तो कसा जगतो, त्याला धोका कशाचा, आणि त्याच्यासाठी कुणी काय सोडलं. उपक्रमाच्या कागदाखाली पालकांच्या सहीची जागा होती. मी पहिले दोन प्रश्न वाचून सही केली. तिसरा प्रश्न नीट वाचला असता तर ही कथा इथंच संपली असती.

वर्गात कुणी खवल्या मांजर घेतलं, कुणी साळिंदर. एका मुलानं तर विजेचा झटका देणारा परदेशी मासा घेतला. त्याच्या वडिलांची मी मनातल्या मनात पाठ थोपटली. दूरदृष्टीचा माणूस असणार.

"आणि तू काय घेतलंस?" मी विचारलं.

"आपलं वटवाघूळ."

"आपलं म्हणजे?"

"गॅलरीतलं."

आमच्या गॅलरीत बांबूचा पडदा आहे. ऊन आलं की सोडायचा, एरवी गुंडाळून वर बांधायचा. एरवी म्हणजे कायमच, कारण त्याची दोरी अडकते. त्या गुंडाळीत टिकलीनं मला खालून दाखवलं. आधी मला काहीच दिसलं नाही. मग एक तपकिरी मूठ दिसली, आणि त्या मुठीला आतून बिलगलेली आणखी एक चिमुकली मूठ. चिमुकल्या मुठीनं जांभई दिली.

"आई आणि पिल्लू," टिकली कुजबुजली. "संध्याकाळी आई किडे खायला जाते. पिल्लू एकटंच लटकून राहतं. त्याला अजून उडता येत नाही."

मी बायकोकडे वळलो. "तुला माहीत होतं हे?"

"घरात कोण कोण राहतं ते मला माहीत असतं," ती म्हणाली आणि आत गेली.

त्या दिवसापासून गॅलरीवर टिकलीचं राज्य सुरू झालं. हात लावायचा नाही, दिवा लावायचा नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. सकाळचा चहा आणि वर्तमानपत्र हे माझं गॅलरीतलं एकमेव सुख होतं. वर्तमानपत्राच्या पानांचा आवाज पिल्लाला सोसत नाही, असं मला सांगण्यात आलं. मी एक-दोनदा पान न उलटता वाचून बघितलं, पण एकाच पानावर किती वेळ देशाची काळजी करणार. शेवटी मी स्वयंपाकघरात बसू लागलो. तिथे बायकोला माझा आवाज सोसत नव्हता.

तरीही मी खिलाडूपणे घेतलं. इतकंच नाही, तर पालकसभेत बाईंनी 'कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का' असं विचारलं तेव्हा मी उठलो. कुणीच उठत नाही तेव्हा उठण्याची मला सवय आहे. मी म्हणालो की निसर्ग घरापासून सुरू होतो. लांबच्या प्राण्यांबद्दल कोणीही कळवळेल, पण खरी कसोटी आपल्या गॅलरीत असते. बोलता बोलता रंगत गेलो आणि शेवटी हात वर करून म्हणालो, "मी सर्वांसमोर शब्द देतो. ते पिल्लू उडेपर्यंत आमच्या घरातला पडदा जागचा हलणार नाही."

टाळ्या पडल्या. पोरांनी बाकं वाजवली. टिकली माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती, त्या नजरेनं ती त्याआधी फक्त आइस्क्रीमकडे बघायची.

आता माझ्याविषयी थोडं सांगायला हवं. मी आमच्या इमारतीचा सचिव होतो. वर्षानुवर्षं बिनविरोध. लोक म्हणत, हे पद दुसरं कुणी घेत नाही म्हणून. लोकांना काहीही म्हणायची सवय असते. या काळात मी इमारतीला शिस्त लावली, आणि ती नोटिशींनी लावली. माझी नोटीस जिन्यात लागली की माणूस दोन पायऱ्या मागे येऊन ती वाचत असे. माझ्या प्रत्येक नोटिशीचा शेवट ठरलेला होता. 'कोणतीही सबब चालणार नाही.' त्याखाली सही आणि शिक्का. ऑफिसात मी साहेबांच्या सह्या मिळवत फिरतो, त्यामुळे स्वतःची सही करताना जे वाटतं ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

पालकसभेच्या आधीच इमारतीला बाहेरून रंग द्यायचं ठरलं होतं. नोटीस अर्थातच माझी. 'सर्व रहिवाशांनी आपापल्या गॅलरीतील पडदे, कुंड्या, वेली व इतर लोंबकळणाऱ्या वस्तू काढून घ्याव्यात. कोणासही सवलत मिळणार नाही. कोणतीही सबब चालणार नाही.' लोंबकळणाऱ्या वस्तू हा शब्दप्रयोग सुचला तेव्हा मी खूश होऊन बायकोला वाचून दाखवला होता.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजी ती नोटीस वाचून माझ्याकडे आल्या होत्या. त्यांच्या गॅलरीतून एक वेल निघते आणि पार गच्चीपर्यंत जाते. "ही वेल मी लावली तेव्हा तुम्ही अर्ध्या चड्डीत हिंडत असाल," त्या म्हणाल्या होत्या. "ती तेवढी राहू द्या."

"आजी, एकाला सवलत दिली की दहा जण उभे राहतात," मी समजावलं होतं. "नियम म्हणजे नियम."

आजींनी मान डोलावली होती. ती मान मला पटल्याची वाटली. ती लक्षात ठेवल्याची होती, हे पुढे कळलं.

रंगारी आले. इमारतीच्या मागच्या बाजूनं परांची बांधत बांधत ते पुढे सरकू लागले. परांची आमच्या बाजूला वळली तेव्हा टिकलीनं मला विचारलं, "बाबा, ते आपला पडदा काढणार?"

"छे," मी म्हणालो.

"पण नोटिशीत लिहिलंय. मी जिन्यात वाचलं. खाली तुमची सही आहे."

मी तिला सांगितलं की प्रत्येक अडचणीला एक रीतसर मार्ग असतो. सवलत देण्याचा अधिकार सचिवाला होता. म्हणून मी, दुसऱ्या मजल्यावरचा रहिवासी या नात्यानं, सचिवाकडे अर्ज केला. घरातल्या घरात तोंडी विचारून मोकळा झालो असतो, पण मला तसं चालत नाही. अर्ज लिहिला, खाली सही केली, मग टेबलाच्या दुसऱ्या बाजूच्या खुर्चीत बसलो आणि सचिव या नात्यानं तो वाचला. अर्ज चांगला होता. भाषा स्वच्छ, मुद्देसूद. पण तशी सवलत आजींना नाकारलेली होती. मी बराच वेळ विचार केला आणि अर्ज फेटाळला.

बायको दारात उभी राहून हे बघत होती. "तुम्ही स्वतःलाच नाही म्हणालात?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"आणि आता याच्यावर दाद कुणाकडे मागायची?"

"सचिवाकडे," मी म्हणालो. ती काहीच बोलली नाही. तिचं काही न बोलणं फार सविस्तर असतं.

मग मी सरकारदरबारी प्रयत्न केला. वन्यजीव कार्यालयानं एक कागद दिला असता की हा पडदा हलवू नये, तर माझ्या तत्त्वालाही धक्का लागला नसता आणि पडद्यालाही. फोन पक्षी विभागात लागला. त्यांनी सांगितलं, वटवाघूळ पक्षी नव्हे. ते मलाही माहीत होतं. त्यांनी सस्तन विभागाला जोडून दिलं. तिथल्या गृहस्थांनी विचारलं, "प्राणी राहतो कुठे?"

"आमच्या घरी."

"मग पाळीव. पाळीव प्राण्यांचं आमच्याकडे नाही."

पाळीव प्राण्यांच्या विभागानं फोनवर मला विचारलं की लस टोचली आहे का आणि गळ्यात पट्टा आहे का. मी म्हणालो, तो प्राणी माझ्या अंगठ्याएवढा आहे. पलीकडून उत्तर आलं की पट्टे लहान मापातही मिळतात. मी नम्रपणे फोन ठेवला. ज्या माणसाला पुढे स्वतःच्या संयमाविषयी बोलायचं असतं, त्यानं असे प्रसंग लक्षात ठेवावेत.

तोवर बातमी इमारतभर झाली होती आणि सल्ले सुरू झाले होते. समोरच्या बिऱ्हाडातल्या वहिनींनी सुचवलं की पिल्लू चमच्यानं उचलून बुटाच्या खोक्यात ठेवावं. टिकलीनं त्यांच्याकडे अशा नजरेनं बघितलं की त्या चमच्यासकट परत गेल्या. तळमजल्यावरच्या गृहस्थांचं म्हणणं होतं की वटवाघूळ माणसाच्या केसांत अडकतं. त्यांच्या डोक्यावर केस नाहीत, त्यामुळे त्यांचा या विषयाशी संबंध काय, हे मला कळलं नाही. टिकली मात्र प्रत्येकाला थांबवून सांगत होती. वटवाघूळ केसांत अडकत नाही. ते आंधळं नसतं. त्याला एका वेळी एकच पिल्लू होतं, म्हणून एक गेलं तरी फार गेलं. हे शेवटचं सांगताना तिचा आवाज दर वेळी खाली यायचा.

रंगाचा ठेकेदार शेवटी दारात आला. भला माणूस होता, पण कामाशी काम ठेवणारा. "साहेब, उद्या तुमची गॅलरी. पडदा काढून ठेवा."

"एवढी एक गॅलरी सोडली तर?"

"तुम्हीच नोटीस दाखवली होती मला," तो म्हणाला. "कुणाचं काही ऐकू नका, माझंसुद्धा ऐकू नका, असं तुम्हीच बोलला होता."

मी तसं बोललो होतो. मला तेव्हा ते वाक्य आवडलंही होतं.

आतल्या खोलीच्या दारामागे टिकली उभी होती. ती रडत नव्हती. रडली असती तर मी काहीतरी समजूत काढली असती. ती फक्त म्हणाली, "तुम्ही वर्गात शब्द दिला होता, बाबा," आणि गृहपाठाला बसली. मला फार वाईट वाटलं. माझ्या शब्दाला इमारतीत वजन होतं ते शिक्क्यामुळे, हे मला माहीत होतं. घरात मात्र ते बिनशिक्क्याचं होतं आणि तेच आता जायला निघालं होतं.

मी त्याच संध्याकाळी तातडीची सभा बोलावली. सभा वाहनतळात भरली. घरोघरच्या खुर्च्या आल्या, दोघं-तिघं आपापल्या स्कूटरवरच बसले. मी प्रास्ताविक केलं. प्रश्न दोन्ही बाजूंनी मांडला, कारण दोन्ही बाजू माझ्याच होत्या. रहिवासी म्हणून मी पिल्लाची बाजू मांडली, ती लोकांना पटली. मग सचिव म्हणून मी नियमाची बाजू मांडली, तीही लोकांना पटली. लोक गोंधळले.

मग वेलवाल्या आजी उठल्या. "म्हणजे तुमचं म्हणणं काय? पिल्लाला राहू द्यायचं की नाही?"

"राहू द्यायचं," मी म्हणालो. "पण मी सचिव असेपर्यंत स्वतःच्या घराला सवलत देऊ शकत नाही. आणि तुम्हाला दिली नाही ती मला घेता यायची नाही."

"हे बरोबर बोललात," आजी म्हणाल्या. "आणि सचिव नसाल तेव्हा?"

टिकली जिन्याच्या पायरीवर गुडघे जवळ घेऊन बसली होती. ती आजींकडे बघत नव्हती, लोकांकडेही नाही. माझ्याकडे बघत होती.

"तसं असेल तर," मी म्हणालो, "मी सचिवपदाचा राजीनामा देतो."

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. राजीनामा मी मनापासून दिला, पण तो स्वीकारला जाईल असं मला अजिबात वाटलं नव्हतं. अशा वेळी एक पद्धत असते. आधी सन्नाटा, मग 'असं कसं', मग दोन ज्येष्ठ माणसं आपल्याला हाताला धरून खुर्चीवर बसवतात, आणि सर्वानुमते काहीतरी मधला मार्ग निघतो. मी हात धरायला सोपा जावा म्हणून किंचित पुढेही केला होता.

आमच्या शेजारच्या बिऱ्हाडात एक सज्जन राहतात. सगळे त्यांना अनुमोदक म्हणतात. ते स्वतः कधी काही सुचवत नाहीत, पण आजवरच्या प्रत्येक सभेत प्रत्येक ठरावाला त्यांनी अनुमोदन दिलं आहे. सन्नाट्याची सुरुवात होते न होते तोच त्यांचा हात सवयीनं वर गेला.

"अनुमोदन."

बोलल्यावर त्यांना स्वतःलाच धक्का बसला. त्यांनी हात खाली घेऊन त्याच्याकडे बघितलं. पण ठराव झाला होता. सभेचे नियम मीच लिहिले होते आणि त्यात पळवाट ठेवली नव्हती.

पुढचा सचिव कोण, असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी आपापल्या चपलांकडे बघितलं. आजी म्हणाल्या, "मी होते." अनुमोदकांचा हात पुन्हा वर गेला. मी घरी जाऊन फायली आणि शिक्का आणला. आजींनी शिक्का उलटा करून चष्म्यातून बघितला आणि माझ्याच प्रास्ताविकाच्या कागदामागे पहिला हुकूम लिहिला. दुसऱ्या मजल्यावरचा पडदा राहील. तिसऱ्या मजल्यावरची वेल राहील. मग थोडा विचार करून त्यांनी खाली जोडलं, 'ज्यांना काही सांगायचं असेल त्यांनी येऊन सांगावं, ऐकून घेतलं जाईल.' नोटीस अशी लिहितात का. पण मी आता सचिव नव्हतो.

त्या रात्री बायकोनं मला आग्रह करून वाढलं.

रंगाऱ्यांनी आमची गॅलरी आणि वेलीमागची भिंत सोडून बाकी इमारत रंगवली. परांची उतरल्यावर मी रस्त्यावर जाऊन बघितलं. नव्या फिकट इमारतीच्या मधोमध आमचा एक जुनाट पिवळा चौकोन उरला होता. येणारे-जाणारे वर बघून विचारत, "इथला रंग संपला का हो?" मी आधी सविस्तर उत्तर देत असे. मग नुसतं 'हो' म्हणू लागलो. जिन्यातून जाताना रिकाम्या फलकाकडे मी बघायचो नाही. आजी नोटिसाच काढत नव्हत्या. कुणाचं काही असलं की त्या जिन्यात उभ्या राहून बोलायच्या आणि काम होऊन जायचं. हे फार काळ चालणार नाही, असं मी बायकोला म्हणालो. ते चालत राहिलं.

सत्राच्या शेवटी शाळेत सादरीकरण होतं. मी शेवटच्या बाकावर बसलो. पालकसभेतल्या माझ्या भाषणाचा उल्लेख होईल असा अंदाज असल्यामुळे इस्त्रीचा शर्ट घातला होता. मुलं एकेक पुढे येत होती. शेवटच्या प्रश्नाला कुणी सांगितलं की आम्ही प्लास्टिकच्या पिशव्या सोडल्या. विजेच्या माशावाला म्हणाला की त्याच्या माशासाठी कुणी अजून काही सोडलेलं नाही, पण त्याचे बाबा विचार करत आहेत.

टिकली उभी राहिली. पहिली दोन उत्तरं तिनं घडाघडा सांगितली. तिसऱ्यापाशी थांबली.

"वटवाघळासाठी माझ्या बाबांनी त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट सोडली," ती म्हणाली. "त्यांना नोटिसा काढायला खूप आवडायचं. ते खूप छान काढायचे. आता दुसरं कुणीतरी सेक्रेटरी आहे. बाबा घरी कधी बोलत नाहीत, पण जिन्यातून जाताना ते फलकाकडे बघत नाहीत. मला माहीत आहे."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाईंनी माझ्याकडे बघून हलकेच मान लववली. कुणीच उठत नाही तेव्हा उठण्याची मला सवय आहे, पण त्या दिवशी मी बसून राहिलो.

घरी आल्यावर मी तसाच खुर्चीत पडून राहिलो. दिवेलागणीला टिकलीनं मला हलवलं. "बाबा, चला. आवाज करू नका."

आम्ही तिघं गॅलरीच्या दारात उभे राहिलो. पिल्लाची आई आधीच बाहेर गेली होती. गुंडाळीच्या काठाशी ती चिमुकली मूठ एकटीच लटकली होती आणि थरथरत होती. बराच वेळ काहीच झालं नाही. मग तिनं काठ सोडला. ती सरळ खाली पडली आणि टिकलीनं माझा हात करकचून धरला. कठड्याच्या खाली कुठेतरी त्या मुठीचे पंख झाले. ती वेडीवाकडी वर आली, आमच्या पिवळ्या चौकोनासमोरून एक घिरटी घातली आणि वेलीच्या बाजूनं अंधारात गेली.

"गेलं," बायको म्हणाली. किती दिवसांनी आम्ही गॅलरीत मोठ्यानं बोललो.

टिकली आत पळाली. मी तिथेच उभा होतो. थोड्या वेळानं ती वहीचा एक कागद घेऊन आली आणि तिनं तो गॅलरीच्या दारावर चिकटवला. मी दोन पावलं मागे येऊन वाचला.

'सर्व रहिवाशांना कळवण्यात येते की पिल्लू उडाले आहे. पण त्याला परत यायचे असेल तर पडदा तसाच राहील. कोणतीही सबब चालणार नाही.'

शेवटचं वाक्य जिथल्या तिथे होतं. खाली तिनं पट्टीनं रेघ मारली होती आणि रेघेखाली लिहिलं होतं, 'सचिव, वटवाघूळ विभाग.'

रेघ मोकळी होती.

"सही करा ना," टिकली म्हणाली.

मी आत गेलो आणि कपाटाच्या खणातून माझं सहीचं पेन काढलं. फायली आणि शिक्का आजींकडे सोपवला तेव्हा ते तेवढं मी ठेवून घेतलं होतं.